तोंड उघडा, कोच

सोमवार, सकाळी सव्वाआठ.
यादीत तुमचं नाव: हालव्हरसन, डेल. दातांची सफाई.
मी दोनदा वाचलं.
शनिवारी तुम्ही सव्वीस गुणांनी हरलात.
जिंकलं की आपण, हरलं की तुम्ही,
हे आमच्या गावाचं व्याकरण.
'आपण' म्हणून किती दिवस झाले, आठवत नाही.

खुर्ची मागे नेली. दिवा तोंडावर ओढला.
उघडा. अजून थोडं. हां.

आता ऐका.
चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी.
एक यार्ड म्हणजे किती, कोच?
माझ्या या ट्रॉलीपासून तुमच्या बुटापर्यंत.
माझा भाचा टोबायस नऊ वर्षांचा आहे,
तो नुसता ठेचकाळून पडला असता
तरी तेवढा पुढे पडला असता.
आणि तुम्ही पंट केलात.
शेजारणीचं भांडं धुऊन पुसून परत करावं
तसा चेंडू त्यांना देऊन टाकलात.

तुम्ही म्हणालात, "आ."

तीन हंगाम. तीस सामने, सात विजय.
त्यातला एक अशा कॉलेजाविरुद्ध
ज्यांची बस भरायला पोरं पुरली नव्हती.
दर रविवारी रेडिओवर तुमचं तेच:
धीर धरा, पोरं शिकताहेत.
पोरं शिकतात आणि निघून जातात, कोच.
ओमाहाला, डेन्व्हरला, कुठं कुठं.
मागे राहतात ते आमचे म्हातारे,
विभाग सी, रांग अकरा, मांडीवर घोंगडी.
माझ्या वडिलांनी आयुष्यात दोनच गोष्टी अर्ध्यावर सोडल्या,
सिगारेट, आणि परवाचा सामना.
तिसऱ्या क्वार्टरला उठले,
घरी जाऊन शेडमध्ये कुऱ्हाडीला धार लावत बसले.
तिला धार होतीच.

"आ," तुम्ही म्हणालात. हुक जरा जोरात लागला असेल.

मग आरसा मागे सरकवला
आणि मी बोलायची थांबले.
वसंतात तुमच्या कार्डावर मीच लिहिलं होतं, 'किंचित झीज'.
आता खालच्या दाढा सपाट, दळून काढलेल्या,
डावीकडच्या एकीला तर उभा तडा.
दातांच्या कण्या केल्या, असं आम्ही म्हणत होतो,
अध्यक्षांना पत्रं लिहून, देणग्या थांबवून.
खऱ्या कण्या इथे होत्या, दिव्याखाली.

झोपता किती?
तुम्ही तीन बोटं वर केलीत.
तीन तास, की पहाटे तीनला, ते कळलं नाही.
मी कार्डावर नुसता तीनचा आकडा लिहिला.

चूळ भरा.
पाणी गुलाबी होऊन गेलं.
कागदी रुमालात तुम्ही पुटपुटलात,
"वाऱ्याचा विचार केला होता."
वारा तुमच्या पाठीशी होता, कोच.
"हो," तुम्ही म्हणालात. "ते नंतर लक्षात आलं."

काय करायचं अशा माणसाचं?
हसूही आलं, आणि ट्रे आपटावासाही वाटला.

रात्री दातांवर घालायच्या पट्टीचा साचा घेतला.
पुदिन्याच्या वासाचा तो लगदा तोंडात भरून म्हटलं,
चावून धरा. सोडू नका. दोन मिनिटं.
तुम्ही धरलंत. डोळे मिटून, खुर्चीचे हात आवळून,
शाळेतल्या पोरासारखं.
दुसरं मिनिट संपलं तरी मी लगेच सांगितलं नाही.

तुम्ही जावं, असं मला अजूनही वाटतं.
पट्टी दोन आठवड्यांनी येईल.
तोवर गावात असाल का, ते विचारलं नाही,
फक्त घरचा पत्ता नीट लिहून घेतला.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं,
सांगितलंस त्याला?
सगळं सांगितलं.
मग? काय म्हणाला?

म्हटलं, "आ."